समुद्राला निघालो आणि लातुरात पोचलो

ती. अण्णाराव दाजींना लातूर मुक्कामाहून संगमेश्वरचा शरणार्थ, अक्कालाही सांगावा. तुमचा गुडघा थंडीत कसा आहे, अक्काची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे ना, तूर खळ्यावर आली का आणि म्हैस व्याली का? (व्याली असेल तर थोडा खरवस आमच्यासाठी राखून ठेवायला हरकत नाही. का, ते पुढे कळेल.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे नांदेडहून निघताना दोघांचे मिळून जितके हातपाय होते तितके अजून जागेवर आहेत. वापरात सगळे नाहीत, इतकंच.

फोन न करता चिठ्ठी का, असं तुम्ही विचाराल. एक तर आदिनाथ शेजारच्याच खाटेवर पडलाय आणि त्याचे कान अजून मास्तरचेच आहेत, शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकणारे. दुसरं म्हणजे, रागवू नका दाजी, पण तुमचा आवाज फोनमध्ये मावत नाही. तुम्ही ‘हॅलो’ म्हटलात की या लॉजचा मॅनेजरसुद्धा बाहेरून ‘बोला’ म्हणेल. म्हणून ही चिठ्ठी. लातूरहून तुमच्या मुरुडला काळी-पिवळी जीप चालवणारा शिवम म्हणून एक भला माणूस खाली चहाला येतो, त्याच्या हाती देतोय. आमच्या घरी प्रेमलाला मात्र यातलं काही कळू देऊ नका. तिला मी रोज ‘मजेत आहे’ एवढंच कळवतो.

आदिनाथला तुम्ही आमच्या घरी पाहिलंय. तोच तो, पदार्थविज्ञानाचा रिटायर मास्तर, देव नाही असं देवळाच्या पायरीवर बसून सांगणारा. मागच्या पावसाळ्यात त्याच्या काळजाच्या नळीत स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवत जा. डॉक्टरांच्या मनात घर ते भाजीबाजार एवढीच सायकल असणार. पण हा पडला मास्तर. म्हणाला, आयुष्यभर पोरांना भरती-ओहोटी शिकवली आणि स्वतः समुद्र नकाशातच पाहिला, आता सायकलवर जाऊन बघणार. नांदेड, लातूर, मुरुड, बार्शी आणि मग खाली कोकणात. सगळ्यांनी समजावलं. मालविकावहिनींनी मात्र समजावलं नाही. त्या आमच्या घरी आल्या, माझ्या हातात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी दिली आणि म्हणाल्या, “भावजी, ते ऐकणार न्हाईत. तुम्ही संगं जा.” मी किती भित्रा आहे हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्या वरातीतलं घोडं बघून मांडवामागं लपलेला मेहुणा मीच. विष्णुपुरीच्या धरणाच्या ऑफिसात नोकरी संपवली, पण पाण्यात कधी वाकून पाहिलं नाही. असा माणूस समुद्राला जायला हो का म्हणाला? तर वहिनींना नाही म्हणायला भ्यालो म्हणून.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या सायकलचा प्रत्येक नट आवळला. वाटेत काही सुटलं तर, या भीतीनं. त्यात ब्रेकही आवळले गेले. विष्णुपुरीपासून लोह्यापर्यंत मी ब्रेक लागलेली सायकल चालवत गेलो, दाजी, आणि मला वाटत होतं की हृदयविकार आदिनाथला नसून मलाच आहे. छाती धपापत होती, मांड्या पेटल्या होत्या, आणि हा पुढून सांगतो, संगू, दीर्घ श्वास घे. लोह्यात पंक्चरवाल्यानं चाक हातानं फिरवून पाहिलं, ते फिरेना. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, “काका, गाडी इथवर वढत आणली का बसून?” त्यानं ब्रेक ढिले केले आणि पुढे माझी सायकल इतकी पळायला लागली की मला त्याचीच भीती वाटायला लागली.

भीती कशाकशाची वाटली ते लिहायला बसलो तर शिवमची गाडी निघून जाईल. उसाच्या जोडट्रॉल्या अंगावरून जातात तेव्हा मागची ट्रॉली कुठं वळेल ते पुढच्यालाही माहीत नसतं. कुत्र्यांना मोटरसायकल चालते, पण हेल्मेट घातलेला म्हातारा सायकलवर दिसला की त्यांचं पित्त खवळतं. बाभळीच्या काट्यांनी तर आम्हाला लोह्यापासून अहमदपूरपर्यंत पदोपदी पंक्चर काढत बसवलं. पण खरी भीती वेगळीच होती. मी सारखा मागं राहायचो. आदिनाथ म्हणायचा, दमला बिचारा. दमलो होतोच, पण मागं राहायचो ते त्याची पाठ दिसत राहावी म्हणून. पाठ हलते आहे तोवर ठीक. तो पाणी प्यायला थांबला तरी माझा हात खिशातल्या डबीकडे जायचा. झोपेतसुद्धा तो कूस बदलायचा राहिला की मी खोकून त्याला जागं करायचो. (त्याचा समज असा की मला दमा झालाय. कालपासून मला काढा पाजतोय.)

अहमदपूरच्या अलीकडे एक उतार आहे. तिथे त्यानं ब्रेक सोडून दिले आणि दोन्ही हात पसरून गेला हो तो. मला वाटलं, गेला. मी इतक्या जोरात ओरडलो की त्यानं मागं वळून पाहिलं, आणि मागं वळून पाहिलं म्हणून खडीवर घसरला. त्याला पडलेला बघून मी डोळे मिटले, आणि डोळे मिटले म्हणून सरळ तुरीच्या रानात गेलो. त्याचं कोपर सोललं, माझा गुडघा फुटला. म्हणजे त्याला काळजानं दगा दिला नाही, मी दिला. मी लंगडत धावलो आणि आधी त्याच्या छातीला कान लावला. तो म्हणाला, कोपर इकडे आहे.

दुसऱ्या दिवशी शिरूर ताजबंदच्या पुढे नागम्मा नावाच्या म्हातारीचं चहाचं हॉटेल लागलं आणि तिथे ती गोष्ट झाली जिच्यामुळे हे पत्र आहे. आपल्या भागात, दाजी, घरी मोटरसायकल असलेला साठीचा माणूस सायकलवर परगावी निघाला तर त्याचे अर्थ दोनच. घरच्यांनी हाकललं, किंवा नवस. आदिनाथ मागच्या नळावर कोपर धुत होता. नागम्मानं माझ्या गुडघ्यावर हळद दाबली आणि विचारलं, कोन्त्या देवाचा नवस हाय? मी खरं सांगणार होतो. पण समुद्र बघायला चाललोय हे तिला सांगायची मला लाज वाटली, आणि मनात एक लबाडीही आली. समुद्र लांब आहे, तुळजापूर लातूरच्या पुढे हाकेवर. देवीचं नाव घेतलं तर यात्रा तिथेच संपवता येईल, आणि आदिनाथला गावोगावचे लोकच तिकडे ढकलतील. म्हणून म्हणालो, तुळजापूरचा. कशापायी, असं तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ह्याच्या काळजापायी, आज्जी. ह्याचं काळीज धड राहावं म्हणून.” हे मात्र ठरवून बोललो नव्हतो. बोललो आणि डोळ्यांत पाणी आलं. (हळद झोंबत होती, असंही म्हणता येईल.)

नागम्मानं चहाची भांडी बाजूला सारून हात जोडले. मग म्हणाली, “चांगलं करून राह्यलाव. पर येक ध्यानात ठिवा. आता मधी गाडीत बसू नगा. सायकलचा नवस हाय तर सायकलच. मधीच सोडला की ज्याच्यापायी बोलला त्याच्यावरच उलटतो बघा.” दाजी, देवाला मी मानतो की नाही हे मला नक्की माहीत नाही, पण भितो हे नक्की. सुटायची वाट काढायला गेलो आणि स्वतःच दाराला कडी घातली.

पुढची गंमत ऐका. नागम्मानं चाकूरला आपल्या भाचीला फोन केला असावा, कारण चाकूरच्या फाट्यावर माणसं नारळ घेऊन उभी होती. बायकांनी आदिनाथच्या हँडलला कुंकू लावलं, एका आजोबांनी त्याच्या चाकाच्या पाया पडून घेतलं. आदिनाथला काही माहीतच नव्हतं. त्याचा समज असा झाला की मराठवाड्याला अखेर सायकलचं महत्त्व कळलं. तो गहिवरला. त्यानं तिथेच इंधनबचत आणि फुप्फुसं यांवर भाषण दिलं, आणि लोकांनी ते हात जोडून कीर्तनासारखं ऐकलं. एका बाईनं शेवटी ‘बोल भवानी की’ म्हटलं तेव्हा तो मला हळूच म्हणाला, ही इथली टाळ्या वाजवायची पद्धत असेल. नारळ सगळे माझ्या कॅरियरला बांधले, कारण त्याला वजन नको. लातूरपर्यंत मी देवीची मालगाडी होऊन आलो.

काल लातुरात पोचलो. आज आराम. माझा गुडघा भोपळ्याएवढा आहे, त्याचं कोपर वाकत नाही, माझ्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्यात, त्याच्या सायकलची चेन सारखी उतरते. तो म्हणतो, उद्या पहाटे मुरुड. मी हो म्हणालो. एकंदरीत प्रवास छान चाललाय, हवा चांगली आहे, काळजी नसावी.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
संगमेश्वर

ता.क. काळजी असावी. उद्या पिकअप घेऊन मुरुडच्या अलीकडे सहज भेटल्यासारखे भेटा. आदिनाथला सांगा की पुढे ऊसवाल्यांनी रस्ता अडवलाय, किंवा तुम्हाला सुचेल ते, आणि त्याला सायकलीसकट गाडीत घालून नांदेडला पोचवा. पण गाडी काढायच्या आधी अक्काला एवढं विचारा, की नवस मी बोललो आणि गाडीत तो बसला, तर नवस मोडतो का? मी सायकलवरच राहिलो तर चालेल का? तिला यातलं कळतं. कुणासाठी, कुठला, ते सांगू नका.

ता.क. दुसरा. शिवमची गाडी अजून भरली नाही म्हणून लिहितो, आणि वरचा ता.क. विसरा. मघाशी आदिनाथ लॉजचा जिना चढताना मधल्या पायरीवर बसला. म्हणाला, संगू, जरा बसू दे. हा माणूस आजवर ‘बसू दे’ म्हणालेला नाही. घामानं भिजला होता. डबी उघडेना, शेवटी दातांनी उघडली. गोळी दिली, मॅनेजरच्या गाडीत घालून शेजारच्या दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, सध्या धोका नाही, पण ठेवून घेतो, उद्या पुन्हा तपासू. वहिनी नांदेडहून निघाल्यात. तुम्हाला आता फोनच करायला हवा हे मला कळतं, पण फोनवर माझा आवाज नीट राहणार नाही.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. नागम्मा, नवस, नारळ, सगळं. गाडीत बसलास म्हणून उलटेल की काय, तेही. तो हसला. म्हणाला, तरीच ते माझं फुप्फुसांवरचं भाषण इतकं चांगलं ऐकत होते. मग म्हणाला, “माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई, तुला ठाऊक हाय. पर तू बोललायस ना? मग जा.”

तेव्हा दाजी, मुरुडला मी येत नाही. उद्या उजाडताच त्याची सायकल घेऊन औशावरून तुळजापूरला निघतो, माझी इथेच ठेवतो. त्याच्या सायकलची सीट मला उंच आहे, चेनचा भरवसा नाही, औशाचा रस्ता मी कधी पाहिलेला नाही, आणि या वेळी समोर बघायला पाठ नाही. तुम्ही पिकअप घेऊन इकडे लातूरला या आणि वहिनींसोबत दवाखान्यात बसा. तुमचा आवाज तिथे उपयोगी पडेल, आदिनाथ दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. उद्याची तपासणी झाली की डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच फोनवर सांगा, मी वाटेत कुठेही असलो तरी उचलीन. चांगलं असेल तरच सांगा, असं लिहिणार होतो. पण नको. जे असेल ते सांगा.