घायपाताची सरळ रांग

९ जानेवारी १९३८, वेल्हे
कुंड्यांतली घायपाताची पिलं चौदापैकी अकरा जगली. तीन कुजली. सौ. लाडानं रोज तांब्याभर पाणी घालत होती. सांगून दमलो की ह्याला पाणी म्हणजे विष. आता वाळू-मुरूम निम्मा निम्मा, पंधरवड्यातून एकदा पाणी, बस्स. आंबवड्याच्या आमच्या दोघांच्या वावरांमधल्या कुंपणाला दोन खिंडारं पडलीत असं धाकट्या भावानं, नारूनं, कळवलंय. तिथं लावायला होतील. मी इथं मास्तरकी करतो, माझं वावरही तोच बघतो. एवढं तरी आपण करावं.

२ फेब्रुवारी
नारूनं दोर पाठवला. घायपाताच्या वाखाचा, त्यानं स्वतः वळलेला. ‘जुनी झाडं काढली, त्यांचा केला’ असा निरोप. रहाटाला लावला. शाळेत दोघाचौघांना नेऊन दाखवला, भाऊ असावा तर असा म्हणालो.

१८ मार्च, आंबवडे
होळीच्या सुट्टीला आलो. पिलं पोत्यात घालून, चिकानं हात खाजवत. वावरात गेलो तर माझी जांभूळ कुंपणापलीकडे.
आधी वाटलं, आपणच चुकलो. पावलं मोजली. सहा वर्षांपूर्वी कुंपण लावलं तेव्हा जांभूळ माझ्या बाजूला दोन पावलं आत होती. आता ती नारूच्या बाजूला एक पाऊल. म्हणजे तीन पावलं, अख्ख्या बांधाभर.
वाटणीला पंच म्हणत होते, दगड रोवा. मीच शहाणा! भावाभावांत दगड कशाला, घायपात लावू म्हणालो. खड्डे नारूनं खणले. आई जांभळीखाली बसून बघत होती.

१९ मार्च
सकाळी विचारलं. तो वैरण तोडत होता, मान वर केली नाही.
“दादा, तुमी तिकडं साळंत. पिलं पसरली, कुंपान सरकलं. म्या काय करू?”
घायपाताची पिलं आईझाडाच्या चहूबाजूंनी फुटतात, वेडीवाकडी. ही रांग सरळ आहे. दोरी धरून, हातहात अंतरावर लावलेली. तशी लावायला मीच शिकवलं त्याला. जुनी रांग काढून तिचा दोर वळला आणि तोच मला भेट पाठवला, हरामखोरानं. मी तो गावभर मिरवला.
आणलेली पिलं तशीच पोत्यात.

२० मार्च
आईला विचारलं. म्हटलं, तू होतीस, तुझ्यावर सावली होती जांभळीची, ती कुणाच्या बाजूला?
तांदूळ निवडत निवडत म्हणाली,
“मला न्हाई आटवत रं.”
तिला गायीच्या तीन पिढ्या आठवतात. माझ्या बारशाला कोण आलं नव्हतं तेही. ती त्याच्याकडं जेवते, कळतंय मला. पण माझ्याकडं बघून तरी म्हणायचं होतं.

१० एप्रिल, वेल्हे
जमिनीपेक्षा ते ‘न्हाई आटवत’ जास्त लागलंय. शाळेत लक्ष नाही. काल उगाच सौ.वर खेकसलो.

२४ एप्रिल
येताना पंचांकडं बांधाची तक्रार घालून आलो होतो, त्यांचा निरोप आला. नारू म्हणाला म्हणे, “आईनं देवळात बेलभंडार उचलून सांगावं. ती म्हनंल ती हद्द.” पंचांना पटलं. दुसरा साक्षीदारच नाही. सोमवार, २ मे ठरलाय, मी समोर हवा.
देवापुढची शपथ. त्याला माहीत आहे ती काय बोलेल. माहीत असल्याशिवाय असं म्हणाला नसता.
सौ. म्हणाली, “तीन पावलांसाठी आईंना देवळात उभं करणार तुम्ही?” मी करतोय? मी?

१ मे
गावचा एकजण बाजाराला आला होता, त्याच्याकडून आईचा निरोप. “मास्तरला म्हनावं, सोमवारी लवकर ये. म्या न्हाऊन, उपाशी बसन.”
म्हणजे शपथ खोटी घेणार, उपास मात्र खरा धरणार. गेलो तर ती माझ्या डोळ्यांदेखत देवापुढं खोटं बोलेल आणि ते पाप माझ्यामुळं तिच्या माथी. नाही गेलो तर गावात मीच खोटा, आणि वावर गेलं ते गेलंच. तिनं आधीच त्याला निवडलंय, मग मी कुणाला वाचवतोय?
गाडीवानाला उद्या पहाटेचं सांगितलंय. सौ. भाकरी बांधतेय. गाडीवानाला परत फिरव म्हणून तिला सांगावं, की गाडीत बसावं?