एकोणतीस वर्षांचा चेहरा

१२ एप्रिल २०२६, रविवार, सकाळी ६
बरोबर दोन आठवड्यांनी पिंपळगाव राजाला मुलगी बघायला जायचं. समता. तिथेच दवाखान्यात नर्स आहे. बायोडाट्यात माझं वय एकोणतीस. खरं चौतीस. पाच नकार आल्यावर मामांनी पाच वर्षं कमी केली, त्यांचं काय चुकलं? दाखला कोण मागतो, लोक चेहरा बघतात. म्हणून संकल्प: तीन लिटर पाणी. चहा बंद. उन्हात सनस्क्रीन. दहाला झोप. साबण दिवसातून एकदाच. सोपं आहे.

१३ एप्रिल
मीटर रीडिंगचं काम म्हणजे घरोघरी चहा. छायाकाकूंना नको म्हणालो तर म्हणाल्या, 'काऊन, आमच्या चहाले नाव ठेवतं का?' प्यावा लागला. असे नऊ कप. पाणी मात्र तीन लिटर झालं. जळगाव जामोदात मीटर पावलोपावली आहेत, मुताऱ्या नाहीत. उद्यापासून दीड लिटर.

१५ एप्रिल
काल भीमजयंती. मिरवणुकीत सावलीनं चालायचं ठरवलं होतं. डीजेपुढे कसली सावली? सनस्क्रीनचा जाड थर होता, निर्धास्त नाचलो. त्या थरावर उधळलेली नीळ अशी बसली की निघता निघेना. आधी भांड्यांचा साबण, मग तारेची घासणी. आई ओरडली, 'काऊन रे, तोंड हाय का पातेलं?' नीळ निघाली. थोडी कातडीही निघाली.

१८ एप्रिल
गाल सोललेत. शाळेपासूनचा मित्र प्रेमानंद मेडिकलवर कामाला आहे. त्यानं एक ट्यूब दिली. म्हणाला, 'आठ दिवसांत चमकशीन बे. आत काय हाय, इचारू नको.' विचारलं नाही.

२१ एप्रिल
चमकतोय! आईसुद्धा म्हणाली, 'लाल लाल दिसून राह्यला.' रक्ताभिसरण वाढलं असणार. झोपायला मात्र एक वाजला. लवकर झोपण्याचे फायदे सांगणारे व्हिडिओ बघत होतो.

२५ एप्रिल
आग. आग. पुरळ आलंय. दुपारभर कूलरपुढे तोंड धरून बसलो. बाबा चेहऱ्या, हात जोडतो, उद्याचा एक दिवस सांभाळ. हे स्थळ गेलं तर पुढच्या वेळी मामा आणखी किती वर्षं कमी करणार?

२६ एप्रिल, संध्याकाळ
जिंकलो! पोहे यायच्या आत समतानं खुर्ची जवळ ओढली, मोबाईलची बॅटरी लावली आणि माझे गाल पाहिले. इतक्या जवळून मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिचे वडील गुलाबराव शेजारीच. मग तिनं कागद घेऊन दवाखान्यात विचारतात तसं भराभर विचारलं. नाव? प्रसेनजित. काम? मीटर रीडिंग. वय? चौतीस. काय लावलं? ट्यूबचं नाव सांगितलं. म्हणाली, 'ते आधी बंद करा.' खाली लिहून दिलं: भरपूर पाणी, वेळेवर झोप, उन्हात रुमाल, साबण एकदाच. माझीच यादी! मनं जुळतात ती अशी. पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलंय. येताना बसमध्ये मामा एक शब्द बोलले नाहीत. आनंद झाला असेल.

२८ एप्रिल
नकार. गुलाबरावांनी मामांना फोनवर सांगितलं, 'पोराच्या तोंडाचं काही नाही, ते बरं व्हईन. पाच वर्षं कुठी गेले, ते सांगा.'

कागद काढून पाहिला. तिच्या सुबक अक्षरात, अगदी वर: वय ३४. मीच सांगितलं होतं. नर्सनं विचारल्यावर कोण खोटं बोलतं?

खूप रडलो. डोळ्यांतल्या खारट पाण्यानं गाल आणखी झोंबले, म्हणून तोंड धुतलं. साबण लावला नाही. सकाळी एकदा लावून झाला होता.