हौसाच्या दाढा

कोडोली, ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. आकाराम यास बायडाआक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद दिला म्हणून राग गेला असं समजू नको. काल भाऊबीजेला उचगावला आलते, तर घोडीला हात लावू दिला न्हाईस. चार माणसांत म्हणालास, आक्का लांब हो, हौसा चावती आता. सख्ख्या बहिणीला पावण्यागत लांब उभं केलंस. फोनवर मी ओरडते म्हणून तू उचलत न्हाईस. मग हा कागद घे, दुधाच्या टेम्पोवाल्या गुंडूकडं दिलाय.

लांबनं दिसलं ते सांगते. हौसा कडबा चघळती आणि ओला बोळा करून खाली टाकती. तसले पाच-सहा बोळे गव्हाणीखाली पडलेत. खाताना मान कलती करती. लिदीत हरभरा आख्खाच्या आख्खा पडलेला. बरगड्या वर आल्यात. आणि तू म्हणतोस माजलीय, पंधरा तारखेला मिरजेचा माणूस येऊन तिला विकत घेऊन जाणार.

हौसाची आजी गंगी आठवती का? आबा हातकणंगले स्टेशनावर तिचा टांगा लावायचे. दर दसऱ्याला आणि पाडव्याला आधी तिचं तोंड बघायचं, मग अंगावर झूल. आबा जीभ एका अंगाला ओढून धरायचे आणि माझा हात आत घालायला लावायचे. आठ वर्षांची होते, हात बारीक. वरच्या दाढांची गालाकडची कड बोटाला विळ्यागत लागायची. आबा विचारायचे, कुठं टोचतंय. मी सांगेन तिथंच ते कानस लावायचे. त्या घरात माझं कुणी ऐकलं तर तेवढंच.

लगाम काढून ठेव. तोंडाचा वास घे आणि डावा-उजवा गाल बाहेरनं दाबून बघ. काय ते कळव. बाकी सगळी बरी हायत. जीव लावतोस तसा लाव.

तुझी बायडाआक्का

उचगाव, ता. ७ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास आकारामचा साष्टांग नमस्कार.

कागद पोचला. तुझ्या भावजयीनं, पूर्णिमानं तो मोठ्यानं वाचला, तर शेजारणीला वाटलं तू स्वतःच आलीस.

दात मी बघितलेत. पुढचे सगळे शाबूत हायत. सोळा वर्षांची झाली, उतरणारच की. कडबा चावता येत न्हाई म्हणून तो बंद करून भिजवलेला कोंडा आणि गूळ देतोय. मी काय तिचा वैरी न्हाई. पण मागच्या वरातीत नुसता लगाम ओढला तर दोन पायांवर उभी राहिली. नवरदेवाचं मनगट मोडलं. तेव्हापासून काट्याचा लगाम घातलाय. आता लग्नसराई तोंडावर हाय. उद्या कुणाचं पोरगं जिवानिशी गेलं तर?

तू सांगितलंस म्हणून वास घेतला. डाव्या अंगाला कुजकट येतोय. तो गाल दाबला तर तिनं डोळे मिटून घेतले. चावली न्हाई.

आणखी एक. आबांनी मला गंगीच्या तोंडाजवळ कधी येऊ दिलं न्हाई. तुम्ही दोघं आत, मी बाहेर टांग्याचे पितळी दिवे पुसत बसायचो. गंगी माझ्या नावावर केली आणि विद्या तुला दिली. मला कोण शिकवणार होतं?

राग धरू नको. लहान भावाला सांभाळून घे.

आकाराम

कोडोली, ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. आकाराम यास आशीर्वाद.

एकेक अक्षर लावत तुझा कागद दोनदा वाचला. दिव्यांचं मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं तू लाडका, बाहेर मजेत बसलाय, आणि मी कोपरापर्यंत लाळेत. गंगी तुला दिली म्हणून तीस वर्षं कुढत राहिले. उचगावला आले की दाढांचं ओठांवर यायचं, पण विचारल्याबिगर सांगायचं न्हाई असं ठरवलेलं. लगाम ओढला की गाल त्या कडेवर दाबला जातो. नवरदेव हौसानं पाडला न्हाई, आपण दोघांनी पाडला.

जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, घोड्याच्या दाढा जन्मभर वर येत राहतात. कडबा रगडून खाल्ला तर झिजतात, तरी कडा राहतातच. नुसत्या मऊ खाण्यानं जास्तच वाढतात. वास येतोय म्हणजे आत एखादी किडली असंल. वर्षातनं एकदा तरी दाखवायचं, म्हाताऱ्या जनावराला दोनदा. घरी कानस घालू नको. आबांनी एकदा गंगीची दाढ जास्त घासली, तर महिनाभर ती पाण्याला तोंड लावताना थरथरायची. डॉक्टर भूल देऊन, तोंडाला लोखंडी चौकट लावून घासतात.

गुरुवारी, चौदा तारखेला, ते उचगावला यायला तयार हायत. मी संगट येते. घासायच्या आधी तुझा हात आत घालायला लावणार हाय, कड कशी लागती ते कळू दे. माझी बोटं आता जाड झालीत. त्यातनंही ती बुजलीच, तर वरातीला लावू नको. परड्यात उभी राहील, आमच्या न्हाईतर तुमच्या. मिरजेला न्हाई.

पूर्णिमाला आशीर्वाद सांग. बहिणीचा राग आणि माया दोन्ही पदरात घे.

बुधवारी, तेरा तारखेला, सकाळच्या टेम्पोत गुंडूच्या हाती उत्तर पायजे. मिरजेच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलंस का न्हाई, तेवढंच लिही.

तुझी बायडाआक्का