एका मिनिटाची चूळ

३ मार्च

चि. छोटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी दहा वर्षांची असताना दुधाचं पातेलं घासून बाबांपुढे मिरवत नेलं होतं, आणि ते म्हणाले होते की धुतलंस खरं, पण खरवडलंस का? तेव्हा राग आला होता. आज प्रयोगशाळेत तेच आठवलं.

तू पेशंटांच्या दातांवरचं कीटण पाठवतेस, त्यातले जंतू वाढवून मी त्यांच्यावर चूळ भरायची औषधं तपासते. गेल्या महिन्यात मोठ्या ऐटीत कळवलं होतं, की निळं औषध मिनिटभरात सगळ्यांना मारतं. अगं, ते नळीत सुटे तरंगणारे जंतू होते. या आठवड्यात तेच जंतू छोट्या खड्यांवर, दातावर धरतात तसा थर धरेपर्यंत वाढवले आणि मिनिटभर औषधात बुडवले. वरचे मेले. थर खरवडून खालचे जंतू वाढवायच्या प्लेटवर पेरले, तर दोन दिवसांत प्लेट पांढरी भरून आली, म्हणजे ते जिवंतच होते.

बाबांची दाढ काढायची आहे ना? त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. दाढेच्या जखमेतून हे जंतू रक्तात उतरले, तर तिथेच जाऊन ठाण मांडतात. आधी दात नीट साफ कर, जंतू मारायच्या गोळ्या तुझ्या डोळ्यांदेखत दे. चुळीच्या भरवशावर राहू नकोस. नमुन्यांच्या गाडीनेच पत्र पाठवते आहे, उत्तरही तिनेच धाड.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बर्फाच्या डब्यातून ओलं होऊन आलं. शाई फुटली होती, पण कळायचं ते कळलं. दाढ बारा दिवसांपूर्वीच काढली.

साफ करून घ्यायला बाबा तयारच नव्हते. म्हणाले, तुझं ते यंत्र डोक्यात किरकिरतं, आणि मोठीने तपासलेलं औषध असताना खरवडायचं कशाला. मीही ओढून धरलं नाही. तुझा कागद होता ना हाताशी. गोळ्या घरून निघायच्या तासभर आधी घ्यायच्या होत्या. घेतल्या म्हणाले. काल त्यांच्या शर्टाच्या खिशात पाकीट सापडलं, एकही गोळी फोडलेली नाही. विचारलं तर हसले. मोठीच्या औषधाने मेलेल्यांना पुन्हा कशाला मारायचं, म्हणे. शेजारच्या शिंप्यालासुद्धा तुझी चूळ भरायला लावली आहे त्यांनी!

ताई, चार दिवस झाले, संध्याकाळी कणकण येते, सकाळी उशी घामाने ओली असते. काल जिना चढताना दोनदा बसले. पडसं आहे म्हणतात, आणि आता त्याच गोळ्या घेऊन टाकतो म्हणतात. इस्पितळाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. तुमची आई तिथून परत आली नाही, एवढंच बोलतात. मला दाढ उपटता येते गं, वडलांना उचलून नेता येत नाही.

रागाव हवं तर, पण लगेच लिही.
तुझी छोटी

६ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

छोटी हे वाचून दाखवेल. ती रडू लागली, तर चष्मा लावून तुम्हीच वाचा.

चूक माझी आहे. तुमच्या दातांवर जे होतं, ते मी तपासलंच नव्हतं, आणि तपासल्यासारखं कळवून मोकळी झाले. छोटीला बोल लावू नका.

ही कणकण पडशाची नसावी, अशी मला भीती वाटते. रक्तात काय शिरलं आहे, ते रक्त काढून, त्यातले जंतू वाढवूनच कळेल. त्याआधी गोळ्या घेतल्यात तर ते अर्धमेले होऊन दडून बसतील, डॉक्टरांना सापडणार नाहीत आणि तुमची झडप कुरतडत राहतील. पाकीट आत्ताच्या आत्ता छोटीकडे द्या. हे पत्र नमुन्यांच्या गाडीने सकाळीच पुढे धाडते आहे, मी दुपारच्या बसने निघते आहे. घरी येणार नाही, थेट इस्पितळाच्या दारात उभी राहीन. आई गेली ते दार मलाही नकोसं आहे, बाबा.

मोठी म्हणाली म्हणजे झालं, असं तुम्ही चारचौघांत सांगत आलात. तो विश्वास आज माझ्यावरून काढून घ्या आणि छोटीचा हात धरून जिना उतरा. तुम्ही मान हलवून नाही म्हणाल, ते मला इथूनही दिसतं आहे. तरी मागते.

तुमची,
मोठी