कंपनीपेक्षा भारी

३ मार्च
पोरीला परगावी नोकरी लागली. एकवीस तारखेला माझी गाडी तिला द्यायची, शब्द दिलाय. त्याआधी रेसट्रॅकवरचा एक दिवसाचा ड्रायव्हिंग क्लास करणार. बावीस वर्षं गाड्यांचे पार्ट विकले, गाडी मात्र कधी पळवली नाही. फी सहा हजार. त्यांची गाडी घेतली तर वर अठरा. लूट! आपली दारात उभी आहे. म्हणजे बसल्या जागी अठरा हजार वाचले.

४ मार्च
बायको म्हणाली, गाडी आता पोरीची. मी म्हटलं, एकवीसपर्यंत माझी. ती पुढे बोलली नाही. भांडी बोलली.

९ मार्च
ट्रॅकवाले म्हणतात, ब्रेक पॅड नवे हवेत. दुकानातलेच घेतले, हिरव्या डब्यातले. गिऱ्हाइकाला रोज सांगतो, किंमत तिसरा हिस्सा, माल कंपनीपेक्षा भारी. पोरगी म्हणाली, बाबा, कंपनीचेच टाका ना. शिकलेल्या पोरांना ब्रँड लागतो. दुकानासमोरच्या गॅरेजवाल्याने, त्याला सगळे पाना म्हणतात, गपचूप बसवून दिले. आदराने गप्प असावा.
टायर चारही बदलले. पोरीला लागलेच असते, तेव्हा हा खर्च नव्हे.

१३ मार्च
विमा एजंट म्हणतो, ट्रॅकवर आपला विमा चालत नाही, एक दिवसाचा वेगळा काढा, चार हजार. ज्यांना धडकायचंय त्यांनी काढावा.

१५ मार्च, दुपारी १
प्रशिक्षक म्हणाला, हात चांगला आहे. सगळ्यांनाच म्हणत होता, माझे कान तिखट आहेत. पण मला म्हणताना सूर वेगळा होता. ब्रेकमधून जळका वास. त्याने विचारलं, पॅड कोणते? सांगितलं, कंपनीपेक्षा भारी. म्हणाला, तासभर थंड होऊ द्या. फी काय थांबण्याची भरलीय?

१५ मार्च, ४ वाजता
चौथ्या वळणावर ब्रेकचं पेडल थेट तळाला. समोर टायरची भिंत. प्रशिक्षकाने हँडब्रेक ओढला म्हणून दोघं शाबूत. बंपर, रेडिएटर, दिवे गेले. दोष ब्रेक ऑइलचा.

१६ मार्च
टोइंग नऊ हजार. भिंत परत रचायचे पाच. जुन्या टायरांचे!
बायको एवढंच म्हणाली, त्या गाडीत पोरगी बसणार होती. आज भांडीही बोलली नाहीत.

२० मार्च
गाडी तयार. एक लाख बारा हजार. त्यातून वाचवलेले अठरा वजा धरायचे. पॅड पुन्हा हिरव्या डब्यातलेच. दुसरे टाकले तर गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगू?

२१ मार्च
पोरीने किल्ली घेतली, मिठी मारली, निघते म्हणाली. गाडी रस्ता ओलांडून थेट पानाच्या गॅरेजात. माझे कान तिखट. पॅड बदलायला सांगून तिने विचारलं, नवे हिरव्या डब्यातले नाहीत ना, काका? पाना म्हणाला, छे गं, ते मी कुणालाच घालत नाही. तुझे बाबा ऐकत नाहीत म्हणून त्यांच्या गाडीला घातले.
जाताना तिने हॉर्न वाजवला. मी हात केला.
संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं, पॅड हवेत. मी म्हटलं, कंपनीचे घ्या. तो हसला. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलंत म्हणाला, हिरवेच द्या.
दिले.