काट्याची दुसरी फेरी

सोमवार
पन्नाशी उलटल्यावर नोकरी लागते ती बायकोच्या भावाच्या कृपेने, आणि ती कृपा तो जन्मभर विसरू देत नाही. मेहुण्याने कचेरीच्या दारातच मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘या या, भावोजी!’ म्हणाला. झालं. दुपारपर्यंत साहेबांपासून चहावाल्यापर्यंत मी सगळ्यांचाच भावोजी झालो. चहावाला माझ्याहून थोरला आहे, पण तोही. निदान कुठेतरी असावं म्हणून या नव्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर मी झोकात माझं नाव लिहिलं.

जागा छान आहे. खिडकी उघडते, खुर्चीची चाकं एकाच दिशेला जातात. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ बसतात, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. त्यांना कुणी काही विचारत नाही, तेही कुणाला नाही. त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली. एकूण स्वागत झकास.

मंगळवार
काम समजलं. गावातल्या दवाखान्यांच्या, शाळांच्या, कचेऱ्यांच्या फायली आमच्या एकाच सर्व्हरवर असतात. माणसांच्या नोंदीही तिथेच, आमच्यासकट. सर्व्हरची कॅश, म्हणजे त्याची हाताशी असलेली छोटी स्मृती, हा स्वयंपाकघरातला ओटा. रोज लागणारे डबे ओट्यावर, बाकीचे माळ्यावर. माळा म्हणजे मागच्या कपाटातल्या मोठ्या डिस्क. ओटा भरला की काहीतरी काढावं लागतं. काय काढायचं, हे ठरवण्याचा पगार मला मिळणार.

सध्याचा नियम एखाद्या कर्तव्यदक्ष गाढवाने लिहिलेला दिसतो. सर्वांत जुनं काय ते शोधायला सर्व्हर अख्खी यादी चाळतो आणि तोवर बाकीचे ताटकळतात. मग काढलेली वस्तू माळ्यावर आहे का ते बघतो, नसली तर ठेवून येतो. एवढ्यात मागणारा माणूस घरी जाऊन जेवून येईल.

गुरुवार
माझी युक्ती सोपी आहे. यादी गोल मांडली आणि तिच्यावर घड्याळासारखा काटा फिरता ठेवला. एखादी वस्तू कुणी नाव घेऊन मागितली की तिच्यावर खूण पडते. काटा येतो, खूण पुसतो, पुढे जातो. ही तिची दुसरी संधी. पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा कुणी मागितली नाही, तर बाहेर. स्वतःची नोंद स्वतः मागून चालत नाही. तेवढी सोय ठेवली असती तर लोक दिवसभर स्वतःलाच मागत बसले असते.

काही मोजक्या नोंदींवर खिळा असतो, त्यांना काटा शिवत नाही. खिळे मेहुण्याच्या ताब्यात. त्यानेच सुचवलं की माळ्यावर बघून येण्याची पायरीही काढून टाका. सगळ्याची प्रत रोज वर जातेच, म्हणाला. माझा शब्द आहे, भावोजी.

घरच्या माणसाचा शब्द. काढली पायरी.

शुक्रवार
सर्व्हर उधळलेल्या घोड्यासारखा धावतोय. साहेबांनी सभा घेतली आणि या अफलातून नियमाबद्दल मेहुण्याचं अभिनंदन केलं. मेहुणा विनयाने लाजला. टाळ्या मीही वाजवल्या, नाहीतर घरी जाऊन बायकोला काय सांगणार? ती म्हणालीच, अहो, तुमचं काय नि त्याचं काय, एकच की.

सोमवार
आजोबांच्या टेबलाच्या जागी प्रिंटर आहे. आजारी आहेत का म्हणून हिशेबनीस बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कोण आजोबा? प्रिंटर पहिल्यापासून इथेच आहे. वर मला चष्मा बदलायचा सल्ला दिला. चहावाल्यालाही आठवेना.

माझ्या खिशात पेपरमिंटचा कागद आहे.

मंगळवार
आजोबांची नोंद शोधली. काट्याने शुक्रवारीच काढलेली. ठीक आहे, माळ्यावर असेल म्हणून मागच्या कपाटाशी गेलो. एकही दिवा लागलेला नाही. डिस्क तपासल्या. कोऱ्या. आजच्या नाही, कधीपासूनच्या कोण जाणे. वर कधी काही गेलेलंच नाही. म्हणजे माझा काटा जे काढतो ते माळ्यावर जात नाही. ते कुठेच—

मेहुण्याला सांगितलं. तो चपापला, मग हसला. हे आपल्या दोघांतच राहू दे, म्हणाला. तुमच्या नावावर आजच खिळा मारतो, तुम्ही काय परके आहात का? खांद्यावर हात ठेवला. हात गार होता.

बुधवार
साहेबांनी जिन्यात अडवून विचारलं, आपण कोणाकडे आला आहात? मी मेहुण्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, बसा, बोलावतो. मी पाहुण्यांच्या बाकावर बसलो. स्वतःच्या कचेरीत.

दुपारी बाकावरून हळूच उठून माझ्या टेबलाशी गेलो आणि यादी उघडून पाहिली. खिळे तीनच आहेत. साहेब, मेहुणा, आणि मेहुण्याची बहीण, म्हणजे माझी बायको. माझा नाही. माझ्या नोंदीवरची खूण काट्याने पुसलेली. एक फेरी झाली, तेवढ्यानेच मी साहेबांना पुसट झालो. त्यानंतर कुणीच मागितलेलं नाही.

कोण मागणार? कचेरीत मी भावोजी. घरी मी अहो. आई गेल्यापासून माझं नाव कुणी घेतलंय? मेहुण्याने पहिल्या दिवशी दारातच— सगळ्यांना ऐकू जाईल असं—

माळा रिकामा आहे हे दोघांनाच माहीत. आता एकालाच माहीत असेल.

गुरुवार
कार्डाने दार उघडलं नाही. घरी आलो. मुलाला फोन केला. त्याने नम्रपणे सांगितलं, राँग नंबर.

रोजनिशीचं पहिलं पान उघडलं. नाव लिहिलं होतं तिथे नुसती छापील रेघ आहे. शाईचा ठिपकासुद्धा नाही.

शुक्रवार, सकाळ
बायकोला सगळं सांगितलं. कचेरीच्या चौकशी खिडकीला फोन कर आणि माझी नोंद नाव घेऊन माग, एवढंच कर म्हटलं. ती हसली. इतक्या वर्षांत घेतलं नाही, आता म्हातारपणी घ्यायला लावता होय, म्हणाली. मग फोन उचलला. तोंड उघडलं. थांबली. माझ्याकडे बघत राहिली— मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघतात तसं.

मीही सांगायला गेलो. जिभेवर काही नाही. नुसती चव. पेपरमिंटची.

ती म्हणाली, थांबा, भावाला विचारते, त्याला ठाऊक असेल.

नको म्हणेपर्यंत तिने लावला. मोठ्या आवाजावर. अरे, आमच्याकडे हे बसलेत ना, यांचं नाव काय रे, असं तिने विचारलं. एवढंच. नाव तिला येतच नव्हतं, ती घेणार कुठून?

तो शांतपणे म्हणाला, ताई, त्या नावाचं आमच्याकडे कुणी नाही.

त्या नावाचं.

म्हणजे त्याला आठवतंय. अक्षर न् अक्षर आठवतंय. गावात एकट्याला.

ती फोन ठेवून दाराशी उभी आहे. अदबीने विचारतेय, आपल्याला कोण हवंय. अहो सुद्धा नाही. आपण.

फेरी संपत आली असणार. मीच लिहितो. इथेच लिहितो, पहिलं अक्षर तरी— आई हाक मारायची, अंगणातून, लांबवून— ओठ आधी मिटायचे तिचे, मग— हो, आलं— माझं नाव