कोण उतरतंय?

सोमवार, ४ मार्च

गुरुवारी गाळाची टाकी उपसायची आहे; आत विषारी वायू साचलेला असतो. आमचा मुकादम कुणाला नेमत नाही, नुसतं विचारतो – "कोण उतरतंय?" जो आधी "मी" म्हणेल त्याचं काम. मेहुणा तर प्रश्न पुरा होऊ देत नाही. कारखान्यात त्याला पुढारीच म्हणतात. मी वर दोर धरणारा. माझा विचार होईतो लोकांचे हात वर होऊन खालीही आलेले असतात.

पण मेहुण्याला हल्ली दम लागतो. खिशात औषधाचा पंप ठेवतो, हे फक्त हिला आणि मला माहीत.

मंगळवार, ५ मार्च

ही जेवताना म्हणाली, "माझ्या भावाला अडवा. नाहीतर तुम्ही तरी एकदा तोंड उघडा."

बुधवार, ६ मार्च

मेहुण्याला कोपऱ्यात गाठलं. "उद्या गप्प बस. दुसरं कोणी बोलेल."

"आणि कोणीच बोललं नाही तर, दाजी?"

"बोलेल."

"तुम्हाला वाटतं मला शौर्याची खाज आहे. तसं नाही हो. मुकादमाने विचारलं की सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. तेवढा वेळ मला काढवत नाही, जीव गुदमरतो. त्यापेक्षा टाकी बरी."

इतकी वर्षं मी त्याला धीट समजत होतो.

देवापुढे बसलो. काय मागणार? तो वाचावा, म्हणजे दुसरा कोणीतरी उतरावा – हे मागणं ओठावर येईना.

गुरुवार, ७ मार्च

मुकादमाने विचारलं. मेहुण्याने ओठ घट्ट मिटले, नजर माझ्यावर. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. शेवटी वेल्डर म्हणाला, "आज पुढाऱ्याची वाचा बसलेली दिसते. चला, मीच उतरतो." सगळे हसले.

मास्क एकच. तो लावून वेल्डर उतरला. दोर माझ्या हातात. थोड्या वेळाने दोर ढिला पडला. हाका मारल्या – उत्तर नाही. ओढला, तर खाली कशात तरी अडकलेला.

पुढचं आज लिहवत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

वेल्डर शुद्धीवर आला. मेहुणा अजून नाही.

ही दवाखान्यातल्या बाकावर बसून एकच म्हणते आहे – "गेला असेल नेहमीसारखा पुढे पुढे."

काल दोर अडकला तेव्हा शिडीवर पहिला पाय मी ठेवला होता. त्याने मला कॉलरला धरून मागे खेचलं. "तुम्ही दोर सांभाळा, दाजी," म्हणाला आणि उतरला.